आमेन दुसऱ्यानं म्हणायचा

बोईसरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी घर घेतलं, कुणाची नवी गाडी आली, कुणाच्या पोराला नोकरी लागली, की दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. जेवायला चिकन बिर्याणी आणि समारोपाची प्रार्थना माझी. बिर्याणी कधीकधी बिघडायची. मी कधी बिघडलो नाही.

ही फुशारकी आहे, पण खरी आहे. वडील नगर जिल्ह्यात पाळक होते आणि त्यांच्याकडून मला दोनच गोष्टी मिळाल्या, एक टक्कल आणि दुसरा आवाज. त्या आवाजावर मी दर नाताळाच्या नाटकात दुष्ट हेरोद राजा करतो. मुलं घाबरतात, आया खूश होतात. उरलेलं वर्षभर त्याच आवाजात मी प्रार्थना करतो.

प्रार्थनेचं माझं एक तंत्र होतं. मला उभं केलं की आधी मी काहीच बोलायचो नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पंखा फिरतोय, स्वयंपाकघरात कुणीतरी घाईघाईनं गॅस बारीक करतंय, आणि मी गप्प. शांतता नीट मुरली की अगदी खालच्या सुरात सुरुवात. ‘पित्या’ या शब्दावर किंचित थरथर. तिथं पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागत. मग मी चढायचो. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेली मुलं, ठेकेदाराच्या मर्जीवर कंपनीच्या गेटवर उभे असलेले तरुण, सगळ्यांना एकेक करून देवाच्या पायाशी नेऊन बसवायचो. आणि मग आवाज असा हळूहळू उतरवायचो की लोकांचा आमेन आपोआप त्या उतारावर घसरत यावा. आमेन दणकून आला की समजायचं, आज जमलं.

हे सगळं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. गेल्या नाताळानंतर ते बंद पडलं. म्हणजे आवाज चालू राहिला, आतलं बंद पडलं.

पालघरला एका नव्या फ्लॅटची प्रार्थना होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या तशाच होत्या. मी उभा राहिलो, शांतता मुरवली, थरथर दिली, चढायला लागलो, आणि अर्ध्या वाटेवर मला स्पष्ट कळलं की पलीकडं कुणी नाही. फोनवर कसं होतं, आपण रंगात येऊन काहीतरी सांगत असतो आणि फोन मघाशीच कट झालेला असतो, तसं. फरक एवढाच, की फोनवर माणूस ‘हॅलो, हॅलो’ तरी करतो. घरभर पाहुण्यांपुढं मी देवाला हॅलो हॅलो कसं करणार? मी आपला बोलत राहिलो. आवाज उतरवला. आमेन नेहमीपेक्षा जोरात आला.

दारात चपला घालताना घरमालकीण म्हणाली, “भाऊसाहेब, आज तर अंगावर काटा आला हो.”

माझ्याही आला होता. पण तिला तो दाखवणार कसा?

कारण शोधायला मी काही कमी केलं नाही. एखादं चांगलं ठसठशीत दुःख असतं तर सोय झाली असती. लोकांना सांगता आलं असतं, की बघा, हे असं झालं म्हणून हे असं झालं. पण माझ्याकडं दाखवण्यासारखं काही नव्हतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत बरी आहे. बायको पुण्याला लेकीकडं गेली आहे, नातीला सांभाळायला. ‘थोडे दिवस’ म्हणून गेली होती. नात आता चालायला लागली, पळायला लागली, आणि ती थांबावी म्हणून बायको तिच्या मागं पळते आहे. मला निवृत्तीला अजून वेळ आहे. त्यामुळं ती तिथं, मी इथं. यात कुणाचं काय चुकलं?

फक्त एक होतं. संध्याकाळी कामावरून आलो, कुलूप काढलं, की सकाळी मी जी वस्तू जिथं ठेवली होती ती तिथंच असायची. चहाचा कप ओट्याच्या कडेला, टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, वर्तमानपत्र उघडलेल्या पानावर. माझी एकही वस्तू जागेवर सापडत नाही म्हणून संसारभर मी ओरडलो. आता सगळं जागेवर होतं, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं.

घरी एकट्यानं प्रार्थना करून पाहिली. खाटेपाशी गुडघे टेकले. गुडघ्यांनी आवाज केला, बाकी कुणीच केला नाही. थोडा वेळ तसाच बसलो, मग उठून भात लावला.

आणि हे सांगायचं कुणाला? आमच्या मंडळीत लोक उभे राहून साक्ष देतात. दारू सुटली, जुगार सुटला, भावाशी कोर्टकचेरी मिटली, असं रडत रडत सांगतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. पण ‘मला प्रार्थना होत नाही’ अशी साक्ष मी कधी ऐकली नाही. टाळ्या कुठं वाजवायच्या तेही कळणार नाही लोकांना. बायकोला सांगितलं असतं तर ती नातीला कडेवर घेऊन मिळेल त्या बसनं बोईसरला आली असती. पाळकसाहेबांना सांगावं, तर त्यांना स्वतःला कुठं प्रार्थनेची गरज पडली की ते मलाच फोन करत. म्हणून मी गप्प राहिलो आणि बोलत राहिलो. दर रविवारी माझी तारीफ व्हायची. दर रविवारी मी जरा जास्त एकटा होऊन घरी यायचो.

त्यात ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ आला, आणि साखळी सुरू झाली.

साखळी म्हणजे काय, ते सांगतो. त्या काळात दर शुक्रवारी आमची मंडळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड प्रार्थना करते, पण आपापल्या घरी. प्रत्येकाला अर्धा तास. आपला अर्धा तास झाला की पुढच्याला फोन करायचा आणि म्हणायचं, “साखळी तुमच्याकडं.” त्यानं ती घ्यायची, आणि आपला वेळ झाला की पुढं द्यायची. मध्ये कुठं तुटता कामा नये. ही साखळी बसवतात आमच्या पालघरच्या बाई. त्यांनी सगळी हयात शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तो सगळा जोर आमच्यावर आला. कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या पाळीला, कुणाची सुट्टी कधी, कुणाचा पाणी भरायचा वेळ कोणता, हे सगळं धरून त्या असा ताळा जुळवतात की एकाही माणसाला सबब सापडत नाही.

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. म्हणून मला दुपारच्या आधीचा वेळ. माझ्या आधी वाणगावच्या पलीकडं एका पाड्यावर राहणाऱ्या मावशी. पूर्वी त्या मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. आता घरच्या पावसावरच्या शेतीचा तुकडा आणि कोंबड्या सांभाळतात. माझ्यानंतर झारखंडहून आलेला एक क्रेन ऑपरेटर. चांगला दोन लेकरांचा बाप, लोखंडाच्या कारखान्यात उंच केबिनमध्ये बसून टनावारी माल इकडून तिकडं करतो, आणि जमिनीवर आला की इतका लाजतो की बोलताना माणसाकडं न बघता त्याच्या बुटांकडं बघतो.

पहिले काही शुक्रवार असे गेले. मावशींचा फोन यायचा. त्यांना वाटतं की वाणगाव ते बोईसर अंतर आहे, तेवढ्या मोठ्यानं बोलायला पाहिजे.

“भाऊ! हाय का? साकळी तुज्याकडं!” आणि धाडकन फोन बंद.

मी अर्धा तास खुर्चीवर बसायचो. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झोडपत असायचं, ते ऐकायचो. मग क्रेनवाल्याला फोन करायचो. “भाई, साखळी आपके पास.” तो म्हणायचा, “जी भैया, ले लिया,” इतक्या जपून, जणू मी त्याच्या ओंजळीत पाणी ओततोय.

मग तो शुक्रवार आला.

“भाऊ, हाय का?”

आवाज नेहमीपेक्षा लहान होता. मला वाटलं, फोनची बॅटरी उतरली असेल.

“आहे मावशी. साखळी घेतो.”

“काय घेतोस? आलीच नाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे माज्यापरेंत आली. माज्याकडनं पुढं नाय गेली. बसले व्हते पडवीत. तोंडच उघडलं नाय.” मग एकदम व्यवहाराच्या सुरात, “मंग मी म्हनले, भाऊला लावते. तू मोठा मागनारा. आज माजी पाळी बी तूच मार.”

डबल ड्यूटी! कारखान्यात कुणी आजारी पडलं तर मुकादम ज्या सहजतेनं सांगतो, त्याच सहजतेनं. मला हसू आलं. आणि त्या हसण्यातच माझा तोल गेला. जे मी पाळकसाहेबांना, बायकोला, कुणालाच सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

“मावशी, मलाही होत नाही.”

“काय नाय व्हत? खोकला झालाय?”

“प्रार्थना होत नाही. नाताळ झाल्यापासून.”

पलीकडं एक कोंबडी काहीतरी पुटपुटत गेली.

“आनी त्या रविवारी चर्चात एवडा वेळ कोन बोलत व्हता?”

“ते नुसतं बोलत होतो.”

“अगं बाय बाय! मी रडले व्हते तवा! माजं रडनं फुकट गेलं म्हन!”

त्या रडण्याचा हिशेब देव कसा ठेवतो मला माहीत नव्हतं. कुणाला तरी सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला अजिबात हलकं वाटलं नाही. भर बाजारात सदऱ्याचं बटण तुटावं तसं वाटलं.

“तुमचं काय झालं?” विषय तिकडं ढकलावा म्हणून मी विचारलं.

“माजं तुज्यासारकं नाय. मला येतंय. पन सून नाय ना.”

मावशींचा मुलगा आणि सून दर वर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. मला ते माहीत होतं. पण दर वर्षी मुलगा एकटाच आधी जायचा, सून मागाहून, थोड्या दिवसांसाठी. या वर्षी दोघंही सुरुवातीपासून गेले होते. आणि त्या सुनेशी मावशींचं कसं आहे तेही सगळ्या मंडळीला माहीत होतं. प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली की मावशींची पहिली विनंती कायम तीच असायची, सुनेला अक्कल दे.

“सून नाही तर बरंच की,” मी म्हणालो. “भांडण नाही.”

“भांडन नाय, आनी आमेन बी नाय,” मावशी म्हणाल्या. “दिवसभर ती मला बोलते, मी तिला बोलते. पन सांजेला मी मागाय बसले का ती भांडी ठेवून येते, मागं उभी ऱ्हाते, आनी आमेन म्हनते. कवा चुकली नाय. राग आला असला तरी म्हनते. मोठ्यानं म्हनते, मला आयकू जावं म्हनून. आता मी मागते आनी मीच आमेन म्हनते. आपलंच मागनं आनी आपलाच आमेन, हे काय बरं दिसतं काय रं? कोनी आयकलं का नाय, काय कळत नाय. दिवाळीपास्नं तसंच रेटलं. मग तोंडच उघडना झालं.”

सगळा जन्म मी आमेन घेत आलो होतो. म्हणण्याची वेळ माझ्यावर फारशी आलीच नव्हती. दुसरा कुणी प्रार्थना करत असला तर मी मनातल्या मनात त्याचे शब्द सुधारत असायचो. आमेन हे काही काम आहे, त्यासाठी भांडी ठेवून यावं लागतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

“मावशी,” मी म्हणालो, “फोन ठेवू नका. तुम्ही मागा. मी आमेन म्हणतो.”

“तुला तर नाय व्हत म्हनलास.”

“प्रार्थना होत नाही. एवढं होईल.”

मावशींनी फोन कुठंतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला, घसा साफ केल्याचा आला, आणि त्या सुरू झाल्या. ना शांतता मुरवणं, ना थरथर. उंबऱ्यातून शेजारणीला हाक मारावी तसा त्यांनी देवाला आवाज दिला.

“देवा, भट्टीवर माजी दोगं हायत. मुकादम बरा दे. सुनेला खोकला हाय, ती सांगत नाय, तूच बग.”

मी वाट बघत होतो. प्रार्थना संपताना सूर उतरतो, मग आमेन. मावशींचा सूर उतरतच नव्हता. एक गोष्ट झाली की त्या नुसत्या थांबायच्या.

“आमेन म्हन ना रं!”

“आमेन,” मी दचकून म्हणालो.

“माजा गुडगा. बरा नको करूस, पन चूल पेटवताना दुकतो तेवडं तरी कमी कर.”

“आमेन.”

“पोलट्रीवाल्याचं कुत्रं कोंबड्यांवर येतं. त्याला बांदून ठेवायची बुद्दी दे. कुत्र्याला नाय, मालकाला.”

“आमेन,” मी म्हणालो. हे मला पटलं होतं.

असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. चर्च, पाळकसाहेब, रस्ता, आजारी शेजारीण, तिचा नवरा, नवऱ्याची दारू. मध्येच फोनमध्ये टूं टूं वाजायचं. मला वाटायचं, मावशींच्या साध्या फोनचा तो काहीतरी स्वभाव आहे. मग मावशी म्हणाल्या,

“आनी देवा, हा भाऊ. बायको पुन्याला. एकटा जेवतो. बोलतो लय, पन ह्याचं आतलं बंद पडलंय. मोटर कोरडी पडली का तिच्यात वरनं पानी वतावं लागतं, मंग ती वडते. तसं थोडं पानी वत ह्याच्यात. मी म्हातारी, माज्याच्यानं तेवडं नाय व्हनार.”

मी आमेन म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. हा तोच आवाज, जो हेरोदाला पुरतो. डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं आणि बनियनवर पडायला लागलं. इतक्या दिवसांत माझं नाव घेऊन कुणी काही मागितलं नव्हतं. कशाला मागतील? मागणारा मीच.

आणि तेवढ्यात दारावर धक्के सुरू झाले.

साधी थाप नव्हती ती. कुणीतरी खांदा लावत होतं. मी फोन हातात घेऊनच दार उघडलं, तर क्रेनवाला. डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, धापा टाकत, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायांकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत.

“भैया! आप ठीक हो?”

माझ्या हातातला फोन ओरडला, “आमेन म्हन ना रं!”

क्रेनवाल्यानं माझे ओले डोळे बघितले, फोन बघितला, आणि हेल्मेट काढलं. झालं होतं असं: त्याचा वेळ झाला तरी माझा फोन गेला नव्हता. त्यानं मला लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. त्यानं बाईंना लावला. बाईंनी मावशींना लावला, व्यस्त. बाईंनी ताळा मांडला: एकटा राहणारा माणूस, रक्तदाब, फोन अडकलेला. उत्तर एकच येत होतं. त्यांनी क्रेनवाल्याला पिटाळलं आणि स्वतः पालघरहून स्पेशल रिक्षा करून निघाल्या.

मी चहा टाकला. दुसरं काय करणार? फोन मी सुरूच ठेवून टेबलावर ठेवला होता; मावशी ठेवू देईनात. “काय झालं? कोन आलं? सांग ना मला बी!” क्रेनवाला खुर्चीच्या टोकावर बसून त्या फोनकडं आदरानं बघत होता.

चहा उकळेपर्यंत बाई आल्याच. जिना चढून आल्यामुळं श्वास लागलेला, पर्स छातीशी धरलेली. मी जिवंत आहे हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि लगेच तिच्या जागी शाळा भरली.

“भाऊसाहेब, साखळी कुठं तुटली?”

आता तुम्हाला सांगतो, उत्तर तयार होतं. मला शोधावंसुद्धा लागलं नाही. ते जिभेवर येऊन उभं होतं, कपडे घालून, भांग पाडून. ‘बाई, आज प्रार्थनेत लोकांच्या दुःखाचं इतकं ओझं आलं, की वेळेचं भानच राहिलं नाही.’ डोळे ओले होतेच. क्रेनवाला साक्षीला होता. बाईंनी ते रविवारी सगळ्या मंडळीला सांगितलं असतं, आणि माझं नाव वाणगाव ओलांडून डहाणूपर्यंत गेलं असतं. मावशींनी मला उघडं पाडलं नसतं. टेबलावरचा फोन एकदम गप्प झाला होता. त्या ऐकत होत्या.

पण मग पुढचा शुक्रवार आला असता, आणि तो मला त्या मोठ्या नावाच्या आत एकट्यानं काढावा लागला असता.

“बाई,” मी म्हणालो, “मला प्रार्थना होत नाही. बरेच दिवस झाले. मी नुसता बसतो आणि पुढं फोन करतो.”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. “पण मागच्या रविवारी किती छान केलीत तुम्ही.”

“तेच ना.”

ओट्यावर चहा उतू गेला, तो कुणी बघितला नाही. बाईंना काहीतरी बरं बोलायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांच्या हाती जे लागलं ते असं:

“मग आता तुमच्या जागी कुणाला घालू?”

वाईट हेतू नव्हता. उदाहरणात एक आकडा चुकला तर दुसरा घालावाच लागतो. पण माझ्याच घरात, माझ्या बायकोच्या खुर्चीशेजारी उभं राहून ते ऐकताना मला वाटलं, बस, संपलं. एक गोष्ट येत होती, तीही गेली.

“कोनाला नाय घालायचं!” टेबलावरून फोन गरजला. बाई दचकल्या. “बाय, तू आगाऊपना नको करूस! त्याची जागा हाय तिथंच ऱ्हाईल. माजा वेळ आनी त्याचा वेळ आमी एकत्र करनार. मी मागनार, तो आमेन म्हननार. मंग क्रेनवाल्याला फोन जाईल. तुज्या गनितात बसवून घे!”

क्रेनवाल्यानं हळूच हात वर केला, वर्गात असल्यासारखा. “तो अभी मेरी बारी चल रही है न? मैं यहीं कर लूँ?”

आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता तो खाली फरशीवर गुडघे टेकून बसला आणि प्रार्थना करायला लागला, हिंदीत नव्हे, त्याच्या गावच्या बोलीत. आम्हाला तिघांनाही एक अक्षर कळलं नाही. फक्त मध्येच ‘भैया’ आलं. ती कधी संपली तेही कळलं नाही. तो गप्प झाला तरी आम्ही डोळे मिटून उभेच होतो. शेवटी त्यानंच एक डोळा उघडून आमच्याकडं बघितलं.

“आमेन,” मी म्हणालो. पहिला मी. कुणी न सांगता.

यानंतर सगळं गोड झालं असं मला लिहिता आलं असतं, पण झालं नाही. बाईंनी पुण्याला फोन करून बायकोला कळवलं. बायकोचा मला फोन आला.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू लगेच आली असतीस.”

“मग?”

मागं नात रडायला लागली. “ठेवते,” ती म्हणाली, आणि बराच वेळ तिनं ठेवला नाही.

चर्चमध्ये लोक माझ्याशी तापातून उठलेल्या माणसाशी बोलतात तसं हळू बोलायला लागले. एकानं उपवास वाढवायला सांगितला. एकानं कानाशी येऊन विचारलं, “काही पाप वगैरे?” आणि उत्तराची फार आशेनं वाट बघितली. मी त्याला निराश केलं. रविवारी पाळकसाहेबांची नजर सवयीनं माझ्याकडं आली, माझी मान हलली, आणि ती बाईंकडं गेली. बाईंनी समारोप केला. पक्ष, साध्य, सिद्धता, आमेन. कुणाच्या अंगावर काटा आला नाही, पण चुकीचंही काही नव्हतं. बाहेर पडताना माझ्याशी कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बाहेर पडण्याची सवय व्हायला मला वेळ लागला. तारीफ खोटी होती, तरी तिची सोबत होती.

शुक्रवार तेवढे राहिले. ईस्टर झाला, साखळी संपली, मावशींचा फोन संपला नाही. त्या मागत. मी माझं काम करी. हळूहळू मला कळायला लागलं की आमेन म्हणायचा तर आधी ऐकावं लागतं. मावशी अर्ध्यावर थांबल्या तर त्यांचं थांबणंही ऐकावं लागतं. शब्द सुधारायला वेळच मिळत नाही. माझं स्वतःचं तोंड मात्र तसंच बंद होतं. मावशी दर वेळी माझ्यासाठी पाणी मागत. मोटर काही ओढत नव्हती.

मग पावसाच्या तोंडावर एका शुक्रवारी फोन आला तर मागं भांड्यांचा दणदणाट.

“भाऊ! आली माजी सून! सकाळपास्नं दोनदा भांडलो आमी!”

आवाज पुन्हा वाणगाव ते बोईसर एवढा झाला होता. मला खरंच आनंद झाला. खोकला कसा आहे विचारलं, मुकादमाचं विचारलं. आणि विचारता विचारता लक्षात आलं, की आता पडवीत आमेन आहे. माझ्या आमेनची गरज नाही. संध्याकाळी मी कुलूप उघडीन तेव्हा घरात मी ठेवलेल्या वस्तू असतील आणि शुक्रवारसुद्धा नसेल.

“बरं झालं मावशी. मग आता माझी सुट्टी.”

“कसली सुट्टी? आता उलटं करायचं. तू माग. आमी दोगी आमेन म्हनतो. ये गं इकडं, ती भांडी ऱ्हाऊ दे!”

“मावशी, मला होत नाही, माहीत आहे ना तुम्हाला.”

“मंग नको मागूस. सांग नुसतं. कोनाला तरी सांगतोस तसं.”

मी डोळे मिटले. आवाज ठेवायला जागा शोधली, थरथर शोधली; दोन्ही सापडेनात. पलीकडं दोन बायका थांबल्या होत्या. एकीच्या हातातल्या भांड्यातून पाणी निथळत असावं, तसा बारीक आवाज येत होता.

“देवा,” मी म्हणालो, “संध्याकाळी घरी आलं की फार एकटं वाटतं.”

पुढचं वाक्य मी शोधत होतो.

“आमेन!” सून म्हणाली. मोठ्यानं, ऐकू जावं म्हणून.

“थांब गं! किती घाई तुजी! त्याचं नाय झालं अजून!”

“झालं, मावशी,” मी म्हणालो. “एवढंच होतं.”